वाफेच्या डॉक्टरचं चित्र

दौलूदादानं ओला कागद दोन्ही हातांनी उचलून धरला आणि म्हणाला, "हसा आता."

आम्ही हसलो. बसाप्पा मालक तर इतके हसले, की तोंडातलं पान थुंकायला त्यांना बाहेर पळावं लागलं. चित्रात वाफेचे डॉक्टर बुधकर उभे होते. शेजारी त्यांची ती गावभर गाजलेली लाकडी पेटी. पेटीला वरून भोक, आणि त्या भोकातून एका रोग्याचं मुंडकं वर आलेलं, मोदकपात्राचं झाकण काढल्यावर मोदक दिसावा तसं. पेटीतून सुटलेली वाफ डॉक्टरांच्या डोक्यामागं गोल जमलेली. आणि त्यांच्या पायाशी, रेड्याची दोरी काखेत दाबून, साक्षात यम हात जोडून उभा होता. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल आभार मानायला आला होता तो. खाली दादानंच जुळवलेली ओळ: ‘डॉक्टर देती वाफ, यम करी मामला साफ.’

आईही हसली. पण आमचं सगळ्यांचं हसून झाल्यावर.

खरं तर हे चित्र तिच्यासाठीच काढलं होतं. बसाप्पांचा छापखाना कोल्हापुरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट सांगतेय. तिथं दगडावर चित्रं काढून छापत, बहुतेक देवांचीच. दादा दगडावर काढायचा, छापून यायचं ते नुसत्या काळ्या रेषेत, आणि पुढं आम्ही तिघी बायका ते रंगवायचो. आई, आईची जिवाभावाची मैत्रीण हौसाक्का, आणि मी. प्रत्येकीचा रंग ठरलेला. आईचा पिवळा, हौसाक्काचा तांबडा, माझा निळा. आई मुकुट, दागिने, पितांबर आणि डोक्यामागची प्रभावळ रंगवून कागद हौसाक्काकडं सरकवायची. हौसाक्का ओठ, काठ आणि कपाळावरचा टिळा लावायची. उरलेलं आभाळ आणि देवाचं अंग माझं. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, हात आपोआप चालायचे.

तर त्या साली आईचा एक डोळा मोतीबिंदूनं पुरता गेला होता आणि दुसऱ्यावरही पडदा येत होता. दादाच्या मनात तिला मिरजेला नेऊन डोळा कापून घ्यायचा होता. आई ऐकायला तयार नव्हती. आमचे वडील पोटाच्या दुखण्यानं मिरजेच्या दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. नेलं तेव्हाच ते अर्धे संपले होते, पण आईच्या लेखी त्यांना मिरजेनं खाल्लं होतं. अशात हे बुधकर गावात आले. जर्मनीत शिकलो म्हणायचे. जर्मनी त्यांनी निदान नकाशात तरी पाहिली असावी असं आपण धरून चालू. संधिवात असो, मूल होत नसो, की डोळ्याला दिसत नसो, सगळ्याला एकच उपाय, पेटीत बसून वाफ. डोळ्याचं दुखणं असलं तर वाफेनंतर डोळ्यात कसलेसे थेंब. ते थेंब असे झोंबायचे म्हणतात, की माणूस जागच्या जागी नाचायचा. झोंबलं म्हणजे लागू पडलं, असं डॉक्टर सांगत. मोतीबिंदू म्हणजे त्यांच्या मते गोठलेलं तूप. वाफ दिली की वितळणार.

हे तूप आईला फार पटलं. तिच्या उभ्या आयुष्यात तूप वितळताना तिनं पाहिलं होतं, डोळा कापताना कधी पाहिला नव्हता.

"भांडून ऐकायची न्हाई ती," दादा मला म्हणाला होता. "तिला हसवाय पायजे. एकदा हसली की त्या माणसाकडं जायची लाज वाटंल बघ तिला."

म्हणून हे चित्र. बसाप्पांनाही पसंत पडलं. जोतिबाच्या यात्रेत देवांच्या गठ्ठ्याबरोबर हेही चार लोक गंमत म्हणून घेतील, असा त्यांचा हिशेब. दादानं छापलेले कागद आमच्यापुढं ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो मिरजेला गेला, डोळ्याची चौकशी करायला. तो परत येईपर्यंत आम्ही गठ्ठा रंगवून मोकळ्या झालो आणि विकणाऱ्यांनी तो डोंगरावर नेलासुद्धा.

यात्रा झाली. आणि एका दुपारी, आई आणि हौसाक्का जेवायला घरी गेल्या असताना, खुद्द डॉक्टर बुधकर छापखान्याच्या दारात उभे राहिले. कोट, घड्याळाची साखळी, हातात गुंडाळलेलं चित्र. बसाप्पा मालक एकदम उठले आणि कुणीतरी हाक मारल्यासारखे मागच्या खोलीत गेले. हाक कुणीही मारली नव्हती.

"हे कुणी काढलं?" डॉक्टरांनी विचारलं.

दादा दगड घासत होता. हात पुसत तो पुढं आला. "मी काढलं. पोलिसात जायाचं असलं तर जावा."

"पोलिसात कशाला?" डॉक्टरांनी चित्र उलगडून मेजावर पसरलं. "नाक थोडं मोठं झालंय. बाकी उत्तम आहे. मला आणखी हवेत."

दादाला काही उमगेना. मलाही नाही. बसाप्पा मात्र मागच्या खोलीतून तेवढ्यात आले.

"यात्रेपासून माझ्या दारात रांग लागली आहे," डॉक्टर म्हणाले. "लोक हे चित्र घेऊन येतात. काहींनी तर चौकटीत बसवलंय. आधी चित्राला हात जोडतात, मग मला. म्हणतात, प्रत्यक्ष यम ज्याच्या पायाशी हात जोडून उभा राहतो तो हा डॉक्टर. फक्त ही खालची ओळ तेवढी काढून टाका. तिथं माझा पत्ता येईल."

दादानं चित्र ओढून घेतलं. इतक्या दिवसांत रंगवलेला कागद त्यानं पहिल्यांदाच पाहिला. डॉक्टरांच्या डोक्यामागची वाफ झळझळीत पिवळी होती. शंकराच्या, दत्ताच्या, गणपतीच्या मागं असते तशी, सारखी, गोल, एक थेंबही रेषेबाहेर नाही. कपाळावर तांबडा टिळा. आणि यम निळा, चांगला शांत, भक्तासारखा. माझ्या निळ्यानं तो तसा झाला होता. पिवळा रंग पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, दादानंच तसं सांगितलं असेल. चित्राच्या बाबतीत दादाला शहाणपण शिकवायची आमच्या घरात रीत नव्हती.

बसाप्पांनी मागणी घेतली. डॉक्टर गेले. आई आणि हौसाक्का परतल्यावर दादा कागद घेऊन आईसमोर बसला.

"आई, अगं वाफ हुती ती!"

"डोक्यामागं गोल हाय," आई म्हणाली. "मग पिवळा न्हाई तर काय हिरवा लावू?"

"चेष्टेचं चित्र हाय हे. तू हसलीस की त्या दिवशी."

"हसले की."

दादानं चित्र तिच्यापुढं धरलं. "ह्यात कोण कोण हाय सांग."

"डॉक्टर हाय. पेटी हाय."

"आनि?"

"आनि माणसं असत्याल. सगळ्यास्नी सांगत बसू व्हय?"

दादानं कागद खाली ठेवला. आईच्या शेजारी बसून हौसाक्का उगीच ब्रश धूत होती, स्वच्छ ब्रश पुन्हा पुन्हा. मला तेव्हा कळलं, की तिला हे माहीत होतं. कागद सरळ ठेवून देणं, आईचा ब्रश बुडवून तिच्या हातात देणं, हे सगळं ती कधीपासून करत होती कोण जाणे.

"म्हंजे ह्याही डोळ्यानं दिसत न्हाई तुला?"

"हाताला दिसतंय," आई म्हणाली. "कडा लागती बोटाला. छापलेली रेघ जरा उंच असती."

दादाचे डोळे भरून आले आणि त्याचा त्यालाच राग आला. "ह्या आठवड्यात मिरज," तो ओरडला. "उचलून न्हेईन, पर न्हेईन."

"तुझा बा गेला, आला का?" एवढंच बोलून आई उठली आणि भिंतीला हात लावत घरी गेली. त्या दिवशी तिनं जेवणही केलं नाही. दादानंही नाही. दोघंही हट्टाला सारखीच, मी मधल्या मध्ये दोन्ही ताटं झाकून ठेवली.

दोन दिवसांनी दादा कामावर असताना आईनं मला हाक मारली. नेसूचं बदलून बसली होती. "तानू, चल. मला त्या डॉक्टरकडं न्हे."

"दादा मारील मला."

"मी हाय की मारायला त्याला. चल."

मी का नेलं? एक तर मी नाही म्हटलं असतं तरी ती चाचपडत एकटी गेली असती. आणि दुसरं, माझं वय तेव्हा असं होतं, की वितळणाऱ्या तुपावर माझाही थोडा विश्वास होता.

डॉक्टरांच्या ओसरीवर माणसांची दाटी होती. समोरच्या भिंतीवर आमचं चित्र काचेत, वर झेंडूचा हार. आतून पेटीचा फुसफुस आवाज आणि ओल्या लाकडाचा वास येत होता. एक म्हातारा बाहेर आला तो डोळ्यांवर पदर दाबून. पदर त्याच्या सुनेचा होता आणि तीही त्याच्याबरोबर वाकून चालत होती. "लई झोंबतंय," तो म्हणत होता, अगदी समाधानानं.

आमची पाळी आली तेव्हा मी सांगून टाकलं, की आम्ही छापखान्यातल्या. दौलू चितारी माझा भाऊ.

डॉक्टरांनी मान वर केली. मग ते उठले आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं. आईला खिडकीकडं तोंड करून बसवलं, एक डोळा झाकला, दुसरा झाकला, काडी ओढून डोळ्यांसमोरून फिरवली. हे सगळं त्यांनी इतक्या नीटपणे केलं, की मला वाटलं, हा माणूस कुठंतरी खरंच काहीतरी शिकला आहे.

"मावशी," ते आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही मिरजेला जा. हा मोतीबिंदू काढल्याशिवाय जाणार नाही. आणि लवकर जा."

"आनि वाफ?"

"वाफ तुमच्यासाठी नाही."

"पर तूप…"

"मावशी, माझ्या आईचा मी तिथंच काढून घेतला. ती आता सुईत दोरा ओवते. जा तुम्ही." त्यांनी दाराकडं पाहिलं. "फक्त एक. मी तिकडं पाठवलं हे बाहेर कुणाला बोलायचं नाही. अगदी कुणाला नाही. शपथ आहे तुम्हाला माझी."

आईनं हात जोडले. "तुमी सांगताय म्हणून जाते बगा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गेले नसते."

पुढं कितीतरी वर्षं मी यावर विचार केला. त्या माणसाला आईची दया आली, की चित्र काढणाऱ्याच्या घरात आपल्या हातून आंधळी झालेली म्हातारी नको होती? मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, एवढं मात्र मी आता जाणते.

घरी आल्यावर आईनं दादाला सांगितलं, "मी मिरजेला यायला तयार हाय."

दादा उभाच राहिला. "कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनं."

"कुठल्या?"

"बुधकर," मी सांगितलं. दादानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं, मग खाली बसून कपाळाला हात लावला. जे त्याला वर्षभर भांडून जमलं नव्हतं, चित्र काढून जमलं नव्हतं, ते त्या पेटीवाल्यानं दोन वाक्यांत केलं होतं. मला वाटलं तो चिडेल. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

शपथ होती म्हणून गल्लीत सांगितलं, की मामाकडं जयसिंगपूरला चाललोय. निघायच्या आदल्या संध्याकाळी हौसाक्का आईला भेटायला आली. तिच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. पापण्या लाल, सारखं पाणी. गावात निम्म्या बायकांना असायचं तसं. नजर मात्र तिची चांगली होती, माझ्यापेक्षा बारीक रेघ ती ओढायची.

"काय म्हणला गं डॉक्टर?" तिनं विचारलं.

आईनं हातातल्या गाठोड्याची गाठ आवळली. "लई देवमाणूस हाय," ती म्हणाली. "गुण येणार म्हणला."

"वाफ दिली?"

"त्यानं सांगितलं तसं करतेय मी."

"झोंबलं का?"

"न्हाई गं," आई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मिरजेत आईला बरेच दिवस उताणं झोपवून ठेवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. आई सगळं निमूट करत होती. डॉक्टरांनी सांगितलंय, एवढंच ती दर वेळी म्हणायची, आणि तिथल्या नर्सला वाटायचं, ती तिथल्याच डॉक्टरांबद्दल बोलतेय. पट्टी सुटली. जाड भिंगांचा चष्मा मिळाला. पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "किती काळी झालीस गं!" मी रडले, दादा रडला. आई मात्र दादाच्या सदऱ्याचं निघालेलं बटण पाहत होती.

कोल्हापुरात उतरल्यावर घरी न जाता ती थेट छापखान्यात गेली. तिला आपली जागा बघायची होती. चष्म्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं म्हणून ती पाय उचलून उचलून टाकत होती. आमच्या बैठकीवर हौसाक्का नव्हती. तिच्या जागेवर तांबड्याची वाटी वाळून तडकली होती.

बसाप्पा मालक काहीतरी सांगायला पुढं झाले. आईचं लक्ष नव्हतं. भिंतीपाशी डॉक्टरांच्या मागणीचा गठ्ठा पडला होता, ओळ काढून पत्ता घातलेला. तिनं वरचा कागद उचलला, चष्म्याजवळ नेला, लांब धरला.

"दौलू, हा यम हाय?"

"व्हय."

"मग ह्यो हात का जोडतोय?"

दादानं सांगितलं. अगदी हळू सांगितलं, चिडचीड न करता. पेटीतला माणूस कसा उकडून निघालाय, यम का खूश आहे, गिऱ्हाईक म्हणजे काय. आईनं बोट वाफेवर ठेवलं. पिवळ्या रंगावरून ते गोल फिरवलं.

"आनि हे मी केलं," ती म्हणाली. मग कागद खाली ठेवून तिनं बसाप्पांना विचारलं, "हौसा कुठं हाय?"

"बाई, घरी आहे ती," बसाप्पा म्हणाले. "तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरकडं गेली. डोळ्याला पाणी येतंय म्हणून." ते खाली पाहत गठ्ठ्याची दोरी आवळू लागले.

हौसाक्काचं घर आमच्या मागच्या बोळात. दार उघडंच होतं. ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही डोळ्यांवर हळदीची फडकी. आमची चाहूल लागताच तिनं मान वळवली.

"सरू?" पायाच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "आलीस व्हय? दिसतंय का गं तुला?"

"दिसतंय," आई म्हणाली.

"मला ठावं हुतं." हौसाक्काला खरंच आनंद झाला होता. "मला न्हाई आला गुण. माझंच नशीब. थेंब जास्त पडलं म्हणत्यात. आग आग झाली आणि मग सगळं पांढरं. तू किती सोसलंस गं? मला तर सोसवलं न्हाई."

आई तिच्यासमोर खाली बसली. चष्मा काढून तिनं पदरात ठेवला. बराच वेळ ती हौसाक्काचा गुडघा चोळत राहिली. मी दारातच उभी होते. मला वाटलं, आई शपथ पाळील. आमच्याकडं शपथेला फार मान होता, शपथ मोडली की ज्याची घेतली त्याचं वाईट होतं म्हणत.

"हौसा," आई म्हणाली, "मला त्यानं वाफ दिलीच न्हाई. थेंब बी न्हाई. मला मिरजेला धाडलं. तिथं कापलं डोळं. कुणाला बोलू नको म्हणला, शपथ घातली, म्हणून बोलले न्हाई."

हौसाक्काचा हात डोळ्यांवरच्या फडक्याकडं गेला आणि मध्येच थांबला.

"मी त्याला तुझं नाव सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, सरूची मैतरीण हाय मी, तिच्या शेजारी बसून तुमचं चित्र रंगवलंय. टिळा मीच लावलाय म्हटलं. हसला. म्हणला, मग काळजीच नको. रांग मोडून आत घेतलं मला."

आई रडायला लागली. आवाज न करता, पण हौसाक्काला ते गुडघ्यावरच्या हातातून कळलं असावं, कारण तिनं तो हात धरला. सोडवून घेतला नाही, धरूनच ठेवला. आणि अगदी साध्या आवाजात, रोज कागद सरकवताना बोलायची तशा, ती म्हणाली,

"त्याचं जाऊ दे गं, त्याचा धंदा हाय त्यो. तू तरी सांगायचं हुतंस, सरू."